साखळीतलं दूध

उन्हाळा असा पेटला होता की गाईंनी वैरणीला तोंड लावणंच सोडलं. पेंड पुढ्यात ठेवली तर नुसती हुंगायच्या आणि तोंडातून लाळ गाळत सावलीकडे बघत उभ्या राहायच्या. घरातली थोरली सून पहाटे कासेला हात घालायची तेव्हा तिला हातालाच कळायचं, आजही कमीच. धार यायची तीसुद्धा बारीक, भांड्याच्या तळाशी वाजत राहणारी. फेस म्हणून धरायचा नाही.

घरात दोन भाऊ. थोरल्याचा सगळा दिवस विहिरीवरच्या मोटारीमागे आणि चाऱ्याच्या सऱ्यांमध्ये जायचा. धाकटा दुधाचा टँकर चालवायचा. दोघांच्या बायकांना सासूने पहिल्याच दिवसापासून थोरली आणि धाकटी म्हटलं, आणि मग गावानेही तेच उचललं. थोरलीकडे गोठा. धाकटीकडे गावची डेअरी. डेअरी म्हणजे पत्र्याच्या छपराची एक खोली, एक तपासायचं मशीन, एक वजनकाटा आणि मागच्या बाजूला कॅन धुवायची मोरी. गावाचं दूध सकाळ-संध्याकाळ तिथे यायचं, धाकटी ते तपासून मोठ्या कॅनमध्ये भरायची आणि तिचाच नवरा ते टँकरमध्ये ओतून शहरातल्या प्लँटवर न्यायचा.

डेअरीच्या त्या खुर्चीवर कोणाला बसवायचं हे ठरत होतं तेव्हा थोरलीच्या मनात काही आलं नव्हतं असं म्हणता येणार नाही. पण धाकटी दोन इयत्ता जास्त शिकलेली. थोरलीने तेव्हा "बरं झालं, घरातच आलं" म्हणून गूळ वाटला होता आणि गोठ्यात जाऊन शेण जरा जोरातच ओढलं होतं.

यंदा प्लँटने नवीन पद्धत आणली. प्रत्येक घराच्या किटलीला आणि प्रत्येक कॅनला एक चौकोनी छाप लावला. धाकटीने त्यावर फोन धरला की मशीनवरचे आकडे आपोआप आत जायचे. एका ठिकाणी नाही, एकदमच गावच्या दूध सोसायटीकडे, प्लँटकडे, तपासणीच्या प्रयोगशाळेकडे आणि दुकानदारांच्या संघाकडे. एका नोंदीला पुढची नोंद अडकवलेली. शहरातल्या बाईने पिशवीवरच्या छापावर फोन धरला की तिला दिसायचं, हे दूध कुठल्या गावातून निघालं, कधी तपासलं, किती थंड होतं. प्लँटवाले त्याला ब्लॉकचेन म्हणत. गावाने सरळ साखळी करून टाकलं.

"म्हणजे आता गाईने शेपटी हलवली तरी शहराला कळणार," असं म्हणून सुतार हसला होता. सगळेच हसले होते.

एका सकाळी थोरलीने दूध काढलं, किटली विसळली आणि विसळलेलं पाणी ओतून द्यायच्या ऐवजी तिचा हात जरा थांबला. तांब्याभर असेल नसेल. किटली अगदीच रिकामी दिसत होती. रांगेत झाकण उघडलं की मागची बाई वाकून बघते, हे तिला ठाऊक होतं. तिने वरून दूध ओतलं, झाकण लावलं आणि आपण काहीच केलं नाही असं स्वतःला सांगत डेअरीकडे निघाली.

धाकटीने पळीभर दूध मशीनला दिलं. आकडे आले. तिने पुन्हा एकदा दिलं. मग वर न बघता हळूच म्हणाली, "ताई, पाणी दाखवतंय."

"मशीन गरम झालं असेल."

"आत्ताच दहा जणांचं घेतलं." धाकटीने आवाज आणखी खाली नेला. "राहू द्या. घरी घेऊन जा. दही लावू आपण."

पण मागे उभी असलेली शेजारीण, जिला गाव रेडिओ म्हणायचं, तिने मान लांब केली होती. "काय गं, जावेचंच परत करतेस? बाई बाई!"

थोरलीची कानशिलं तापल्यासारखी झाली. ती टेबलावर झुकली. "मिटव ते. घरचंच आहे."

"मिटत नाही, ताई."

"तुझ्याच हातात फोन आहे ना?"

"माझ्या हातात फक्त घालणं आहे. काढणं कोणाच्याच हातात नाही."

थोरलीने किटली उचलली. रांग तिला वाट द्यायला बाजूला झाली आणि ती वाट फारच रुंद होती. घरी आल्यावर सासूने विचारलं, "परत का आणलंस?" तर म्हणाली, "मशीन बिघडलंय." दुपारी धाकटी आली आणि तिनेही सासूला तेच सांगितलं. थोरलीला सांभाळून घेतलं होतं तिने. पण थोरलीला ते सांभाळणंच जास्त लागलं.

पुढचे काही दिवस ती धाकटीशी कामापुरतं बोलली. धाकटीने लावलेल्या कालवडीच्या दाव्याची गाठ सोडून परत बांधायची, तिने धुतलेलं भांडं पुन्हा धुवायची. असल्या गोष्टी घरात पुरुषांना दिसत नाहीत, बायकांना लगेच दिसतात. धाकटीने एकदा विचारलं, "माझं काही चुकलं का ताई?" थोरली म्हणाली, "तुझं कसं चुकेल? तू मशीनवर बसतेस."

आणि मग एक दिवस, डेअरीच्या मागच्या वाटेने चाऱ्याचा भारा घेऊन येताना, तिला मोरीवर धाकटी दिसली. पाठमोरी. रिकाम्या कॅनमध्ये मुठीने पांढरी पूड टाकत होती. धुण्याचा सोडा. रोजच टाकायची, कॅनचा आंबूस वास जायला. थोरलीने स्वतः कितीदा तो डबा तिच्या हातात दिला होता. तरीही तिने भारा कुंपणाला टेकवला, फोन काढला आणि चित्रण सुरू केलं. पूड पडली, गरम पाणी पडलं, ब्रश फिरला, कॅन खळखळून विसळला गेला, उपडा ठेवला गेला. सगळं फोनमध्ये आलं.

घरी गोठ्यात बसून तिने त्यातला पुडीचा तेवढा तुकडा कापला आणि शहरात राहणाऱ्या सख्ख्या बहिणीला पाठवला. खाली लिहिलं, "बघ, आमच्या डेअरीत काय चालतं ते. आणि पाण्यासाठी मला नावं ठेवतात."

बहिणीने डोळे विस्फारल्याचं चित्र पाठवलं. थोरलीला फार हलकं वाटलं. बऱ्याच दिवसांनी तिने त्या दुपारी गाणं गुणगुणत शेणाच्या पाट्या वाहिल्या.

चौथ्या की पाचव्या दिवशी रेडिओ धापा टाकत अंगणात आली. "पाहिलंत का? अगं आपल्या गावाचं नाव आलंय!" तिच्या फोनवर तोच तुकडा होता. तीच मोरी, तीच पाठमोरी धाकटी. वर मात्र कुठल्याशा पुरुषाचा घोगरा आवाज चढवलेला: या गावात दुधात विषारी पावडर मिसळतात, शहरात लहान मुलं दवाखान्यात आहेत, हा निरोप शक्य तितक्या लोकांना पाठवा.

थोरलीच्या हातातली वैरण तशीच राहिली. "हे... हे कोणी केलं?" तिने विचारलं. आणि तो प्रश्न आपल्याच तोंडून इतका सरळ निघाला याची तिला भीती वाटली.

त्या संध्याकाळी तिने बहिणीला फोन लावला. बहीण रडकुंडीला आली होती. "मी फक्त आमच्या कॉलनीतल्या बायकांना दाखवलं गं. पुढे कोणी काय केलं मला काय माहीत? तुझं नाव नाही घेतलं मी."

"घेऊ नकोस," थोरली म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण बहिणीला एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुकानांनी पिशव्या परत पाठवल्या. तिसऱ्या दिवशी प्लँटने या गावचं दूध घ्यायचं थांबवलं. पण कासेला हे कोण सांगणार? गाई वेळ झाली की हंबरायच्या, कास दगडासारखी व्हायची, सड तापायचे. दूध काढावंच लागायचं. घराघरांत जेवढी भांडी होती तेवढी भरली. दही झालं, लोणी झालं, शेजाऱ्यांना देऊन झालं, तर शेजाऱ्यांकडेही तेच. शेवटी लोक ओढ्याच्या कोरड्या पात्रात दूध ओतू लागले. थोरलीनेही किटली तिरकी केली. पांढरा ओघळ वाळूत शिरला, वर माशा बसल्या. पलीकडे एक म्हातारा आपलं दूध ओतता ओतता डोळे पुसत होता. घाम असेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

धाकटा दीर प्लँटवर अडकलेला टँकर परत आणायला म्हणून शहरात गेला, तो दुसऱ्याच गाडीतून घरी आला. उजवा हात प्लास्टरमध्ये, ओठ फाटलेला, शर्टाची बाही नाही. नाक्यावर लोकांनी टँकरवरचं गावाचं नाव वाचलं होतं. खाली ओढून मारला होता. टँकरचा नळ उघडून आतलं राहिलेलं त्याच्या डोक्यावर ओतलं होतं. घरी आला तेव्हा त्याच्या केसांना आंबलेल्या दुधाचा वास येत होता.

"पोरं आजारी आहेत म्हणत होते," तो ओसरीवर बसून म्हणाला. "मी म्हटलं, मला दाखवा पोरं, मी पाया पडतो. तर आणखी मारलं."

धाकटीने बादलीभर पाणी आणलं आणि त्याचं डोकं धुवायला लागली. थोरली टॉवेल घेऊन उभी राहिली. 

गावातही सगळे काही धाकटीच्या बाजूने नव्हते. "आपल्याला काय माहीत मागच्या मोरीवर काय चालतं," असं लोक आधी दबक्या आवाजात बोलले, मग तिला ऐकू जाईल असं. एका सकाळी डेअरीच्या दारावर कोणीतरी शेणकाला फेकलेला सापडला. धाकटी खराटा घेऊन बसली. थोरलीही खराटा घेऊन गेली. दोघी शेजारी शेजारी दार घासत होत्या. उन्हाने शेण वाळून चिकटलं होतं, नखांनी खरवडावं लागत होतं.

"ताई, तुम्ही कशाला? लोक तुम्हालाही बोलतील," धाकटी म्हणाली.

"बोलू देत."

"तुम्ही आहात म्हणून मी उभी आहे बघा." असं म्हणताना धाकटीचा आवाज फाटला.

थोरलीने आणखी जोरात घासलं. नख मुळाशी तुटलं, रक्त आलं. तिला ते बरं वाटलं.

मग प्लँटची चष्मेवाली बाई आली. तपासणीचं काम तिच्याकडे होतं. तिने सोसायटीच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं, भिंतीवर पांढरी चादर लावली आणि फोनमधलं त्यावर मोठं करून दाखवलं. हे तुमचं गाव, ही सकाळ, हा कॅन. इथे तपासला, इथे थंड केला, इथे टँकरमध्ये ओतून टँकरच्या झाकणावर शिक्का बसला, प्लँटवर तोच शिक्का न तुटलेला पोचला, प्रयोगशाळेने पुन्हा तपासलं. सगळं चोख. शहरातल्या एकाही दवाखान्यात दुधाने आजारी पडलेलं मूल नव्हतं, तेही तिने विचारून आणलं होतं.

सुतार उठला. "बाई, फोनवर काय, उद्या मीही दाखवीन की मी चंद्रावर जाऊन आलो."

"बरोबर बोललात," चष्मेवाली म्हणाली. "एका फोनवर विश्वास ठेवूच नका. समजा तुम्ही एक निरोप चार घरी एकाच वेळी सांगितला. नंतर एका घराने तो फिरवला, तर बाकीची तीन घरं काय म्हणतील? खोटं बोलतोय म्हणतील. ही साखळी तशी आहे. मला स्वतःला काही बदलावंसं वाटलं तरी बाकीचे तिघे मला पकडतील. शहरातल्या दुकानदारांकडे त्यांची स्वतःची प्रत आहे. कालच त्यांनी ती ताडून पाहिली, म्हणून तर मी इथे आले."

"आणि आत घालतानाच खोटं घातलं तर?" कोणीतरी मागून विचारलं.

 सगळ्यांच्या नजरा धाकटीकडे गेल्या. ती भिंतीला टेकून मान खाली घालून बसली होती, थोरलीच्या शेजारीच.

"हा खरा प्रश्न आहे," चष्मेवाली म्हणाली. "साखळीला खरं-खोटं कळत नाही. आत आलेलं ती बदलू देत नाही, एवढंच. म्हणून आत घालणारं माणूस कसं आहे ते बघावं लागतं. मी या केंद्राच्या सगळ्या नोंदी वाचल्या. त्यात एक अशी आहे..."

"ती नको!" धाकटी एकदम उठली. "बाई, ती नोंद नको. तिचा याच्याशी काही संबंध नाही."

"तीच तर तुमच्या बाजूची आहे."

"नको म्हटलं ना. दुसऱ्याचं नाव येतं त्यात."

चष्मेवाली थांबली. "नाव तर त्या खातेदाराच्या परवानगीशिवाय मी उघडणारच नाही."

थोरलीला कळलं होतं. समोरच्या चादरीवर अजून काहीच नव्हतं, तरी तिला ती सकाळ, ती किटली, ते विसळलेलं पाणी सगळं तिथे दिसत होतं. आणि धाकटी, जिच्या दारावर शेण पडलं, जिच्या नवऱ्याचा हात मोडला, ती आत्ताही तिचं नाव झाकायला उभी होती. थोरली उठली. 

"ते खातं माझं आहे," ती म्हणाली. "दुधात पाणी होतं. हिने माझं दूध परत केलं. मी मिटव म्हटलं, तर मिटत नाही म्हणाली."

 मग सुतारच म्हणाला, "सख्ख्या जावेचं दूध जी घेत नाही, ती पूड टाकेल होय?" लोकांनी माना डोलावल्या. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. सोसायटीचा अध्यक्ष म्हणाला, "आणि या बाईचंही मन बघा. स्वतःची चूक सगळ्या गावासमोर सांगायला काळीज लागतं." रेडिओने तर येऊन थोरलीची पाठ थोपटली.

थोरली खाली बसली. धाकटीने तिचा हात हातात घेतला आणि सभा संपेपर्यंत सोडला नाही. तो हात घामाने ओला झाला होता. थोरलीला तो ओढून घ्यावासा वाटत होता आणि ओढून घेण्याचं धाडस होत नव्हतं. टाळ्यांचा आवाज तिला पावसाळ्यातल्या पत्र्यासारखा डोक्यात वाजत राहिला.

दुकानदारांनी दूध घ्यायला सुरुवात केली. पण अर्धंच. शहरातल्या कितीतरी घरांत अजून तो तुकडाच खरा होता. चष्मेवाली जाताना म्हणाली होती, "आकड्यांनी दुकानदार वळतो, पण आईच्या डोळ्यांनी जे पाहिलंय ते आकड्यांनी पुसलं जात नाही. तो तुकडा कुठून तरी कापलेला आहे. त्याच्या पुढचं-मागचं मिळालं, तर एका दिवसात हे संपेल. ज्याने काढलं त्याच्याकडे असणार."

जिने काढलं तिच्याकडे होतं. गोठ्यातल्या फळीवर, पेंडीच्या डब्यामागे फोन असायचा. सभेनंतर थोरलीने तो कितीतरी वेळा हातात घेतला. इथे मिटवणं फार सोपं होतं, बोट टेकवायचा अवकाश. एकदा तर बोट टेकलंही आणि फोनने विचारलं, नक्की काढू का? तिने फोन पेंडीत खुपसला आणि गाईच्या पाठीवर कपाळ टेकून उभी राहिली. गाईचं अंग गरम होतं, माशांनी थरथरत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीर गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला. अंगावर नवा शर्ट, पुढून उघडाच. "वहिनी," तो ओशाळून म्हणाला, "जरा बटणं लावता का? ती डेअरीवर गेलीय. एका हाताने जमत नाही. डॉक्टरकडे जायचंय."

थोरलीने हात पुसले आणि बटणं लावायला लागली. तो एवढा मोठा गडी, टँकर घाटातून एका हाताने वळवणारा, लहान मुलासारखा हनुवटी वर करून उभा होता. छातीवरचा काळानिळा वळ अजून उतरला नव्हता. वळाला हात लागू नये म्हणून तिने शर्ट जरा पुढे ओढून धरला.

"वहिनी, ज्याने हे केलं ना, त्याचं तोंड एकदा बघायला मिळावं," तो म्हणाला. "मी काही करणार नाही त्याला. देवाशपथ. नुसतं विचारीन, आमचं काय चुकलं होतं?"

वरचं बटण तिला लावताच येईना.  "राहू द्या ते," तो म्हणाला, "उकडतंय तसंही."

संध्याकाळी थोरली दूध घेऊन डेअरीवर गेली. रांग लागली होती. तिने आपला नंबर येऊ दिला. किटली टेबलावर ठेवली, आणि किटलीशेजारी फोन ठेवला.

"हे काय ताई?"

"बघ."

धाकटीने पाहिलं. पूड, गरम पाणी, ब्रश, विसळणं, उपडा कॅन. सगळं संपेपर्यंत पाहिलं. मग पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. मागची रांग पुढे सरकली होती. सगळ्यांनाच दिसत होतं.

"हे तुम्हाला कोणी पाठवलं?" धाकटीने विचारलं. विचारतानाच तिला कळत गेलं असावं, कारण प्रश्नाच्या शेवटी तिचा आवाज राहिलाच नाही.

"कोणी नाही. मीच काढलं. तुकडा मी कापला. बहिणीला पाठवला. तिच्याकडून पुढे गेला."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. राग असता तर थोरलीला सोसला असता. ती नुसती पाहत राहिली, ओळख पटत नसल्यासारखी. मग तिने खुर्ची पुढे ओढली, चष्मेवालीला फोन लावला, दोन वाक्यांत सांगितलं, "हो... हो बाई... घालते," म्हणाली आणि नोंदीचं पान उघडलं.

"काय लिहू?" तिने विचारलं. अगदी टेबलामागच्या माणसाच्या आवाजात.

"लिही, मी पाठवला."

"असं नाही चालत. खातं कोणाचं, चित्रण कधीचं, कुठलं, कापलं कोणी, पाठवलं कोणाला. एकेक सांगा."

थोरलीने एकेक सांगितलं. भर रांगेसमोर. धाकटी लिहीत गेली. मध्ये एकदा तिने विचारलं, "सोडा आहे हे माहीत होतं?"

"होतं."

"माहीत... होतं," असं पुटपुटत धाकटीने तेही लिहिलं. एकही अक्षर चुकलं नाही. मग तिने फोन थोरलीपुढे धरला. "पाठवायचं तर इथे अंगठा टेकवा. एकदा गेलं की..."

"माहीत आहे," थोरली म्हणाली आणि अंगठा टेकवला.

मागे रेडिओ उभी होती. तिने आपली किटली जरा मागे ओढली.

पूर्ण चित्रण त्याच रात्री साखळीत गेलं, दुकानदारांच्या संघाने ते शहरभर दाखवलं. दोन-तीन दिवसांत टँकर पुन्हा भरून जायला लागला. आता तो भाड्याचा ड्रायव्हर चालवायचा. प्लँटने दिराला हात जुळेपर्यंत बसून पगार द्यायचं कबूल केलं. शहरातून कोणी कोणी चार ओळी लिहून माफीही मागितली. गाव थोरलीला काही म्हणालं नाही. फक्त डेअरीच्या रांगेत ती उभी राहिली की तिच्या पुढे आणि मागे थोडी जागा सुटायची.

घरात मात्र बोलणं झालं. दीर तिच्यासमोर आला नाही. त्याने भावाला सांगितलं, "मला काही विचारायचं राहिलं नाही." आठवडा व्हायच्या आत त्यांनी मधल्या खोलीत भिंत घातली, चूल वेगळी केली, अंगणात नळ वेगळा घेतला. थोरल्याने बायकोवर हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही. एकदाच म्हणाला, "माझा भाऊ आहे तो," आणि त्यानंतर जेवताना मान वर करायचं सोडलं. सासू दोन्हीकडे आलटून पालटून जेवायची आणि दोन्हीकडे गप्प असायची.

धाकटी दूध घ्यायची. रोज. पळी बुडवायची, आकडा मोठ्याने वाचायची, छापावर फोन धरायची. "पुढचे," म्हणायची. ताई हा शब्द तिने पुन्हा उच्चारला नाही. थोरली आता किटली विसळून पालथी घालून उन्हात वाळवायची, थेंबही राहू द्यायची नाही. दूध कमी भरायचं. तेवढंच न्यायची.

पहिला पाऊस होऊन गेल्यावर, एका टळटळीत दुपारी, पांढऱ्या डागांची बांडी गाय व्यायला बसली. थोरली एकटीच होती. थोरला चाऱ्याचं बियाणं आणायला गेलेला, सासू दमून निजलेली. वासराचा एकच पाय बाहेर आला आणि तिथेच अडकला. गाय पाठ वाकवून कळ द्यायची, डोळे पांढरे करायची, आणि काहीच व्हायचं नाही. डॉक्टरचा फोन लागेना. थोरलीने हात घालून पाहिला, दुसरा पाय मागे दुमडलेला होता, तिच्या एकटीच्या ताकदीने तो येईना. गाईचं हंबरणं कण्हण्यासारखं झालं. भिंतीपलीकडे हाक मारावी असं तिला वाटलं. कोणत्या तोंडाने मारावी, हेही वाटलं. 

गोठ्याच्या दारात सावली पडली. धाकटी उभी होती. बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, हाताला तेल चोळत होती.

"दावं धरा," ती म्हणाली. "मान हलू देऊ नका."

थोरलीने दावं धरलं. धाकटी गाईमागे चिखलात गुडघ्यांवर बसली, खांद्यापर्यंत हात आत घातला, डोळे मिटून चाचपत राहिली. घाम तिच्या नाकावरून टपकत होता. "आला... थांब गं बाई, थांब... आला." ती गाईशी बोलत होती. दोन्ही पाय बाहेर दिसले तेव्हा म्हणाली, "इकडे या. कळ आली की ओढायचं, एरवी नाही." दोघींनी एकेक पाय धरला. कळ आली, दोघींनी ओढलं. पुन्हा ओढलं. आणि एकदम सगळं सुटलं, वासरू दोघींच्या मांडीवर येऊन पडलं, गरम, बुळबुळीत, निपचित. धाकटीने त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटांनी काढला, गवताच्या काडीने नाकपुडी टोचली. वासरू शिंकलं.

थोरली हसली की रडली हे तिलाही कळलं नाही. तिने वर पाहिलं. धाकटी वासराकडेच बघत होती.

"चीक आधी त्याला पाजा," धाकटी उठत म्हणाली. "चार दिवस हिचं दूध डेअरीवर आणू नका."

"हो," थोरली म्हणाली. आणखी काही म्हणायला तिने तोंड उघडलं. धाकटी दारापर्यंत पोचली होती. तिचे दोन्ही हात खांद्यापर्यंत रक्ताने आणि चिकट्याने माखलेले होते.

थोरली धावत आत गेली, तांब्या भरला, साबण घेतला आणि बाहेर आली. अंगणात कोणी नव्हतं. भिंतीपलीकडे नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला, मग बंद झाला. थोरली तांब्या हातात घेऊन तशीच उभी होती. आत वासरू उभं राहायचा प्रयत्न करत होतं, पडत होतं.